एकाच चुलीवरचं जेवण, पाच जणांचं कमी रक्त

नात ८.९. तिची आई ८.१. आजी ९.६. आजोबा ९.८. धाकट्या सुनेचा बावीस महिन्यांचा मुलगा ९.२.

सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातल्या एका शेतकरी कुटुंबाचे हे हिमोग्लोबिनचे आकडे, सगळे एकाच आठवड्यात तपासलेले. घर एक, चूल एक, पाणी एक. कुटुंब माळकरी, त्यामुळे मटण-अंडं वर्ज्य. जेवणात बाजरीची नाहीतर ज्वारीची भाकरी, मटकी, हुलगा, आमटी, मिळेल तशी शेपू-चाकवत. असे पाच रिपोर्ट समोर ठेवले तर कुणीही म्हणेल, या घरात लोह कमी पडतंय, सगळ्यांना रक्तवाढीचं औषध द्या. थोरल्या सुनेनं मला तेच सांगितलं होतं: “डॉक्टर, समद्यांला चालंल असं एकच मोठं टॉनिक लिहून द्या. बाटली परवडती.”

ती बाटली लिहून दिली असती तर एक-दोघांना थोडाफार फायदा झाला असता आणि दोघांचा खरा आजार झाकला गेला असता. म्हणून हे प्रकरण लिहितो आहे. कुटुंबाची परवानगी आहे. ओळख पटू नये म्हणून वयं आणि काही तपशील बदलले आहेत.

आधी एवढं सांगतो, म्हणजे आकडे वाचता येतील. हिमोग्लोबिन पुरुषांत १३ च्या खाली, बायकांत आणि १२ ते १४ वर्षांच्या मुलामुलींत १२ च्या खाली, गरोदरपणात आणि पाच वर्षांखालच्या मुलांत ११ च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायका आणि पाच वर्षांखालची जवळपास ६९ टक्के मुलं या रेषेखाली निघाली. म्हणजे हे घर काही वेगळं नाही. आपल्या गल्लीतली निम्मी घरं तपासली तर असेच आकडे निघतील.

नातीपासून सुरुवात

नववीतली मुलगी, वय १४. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं, डॉक्टरांनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि चिठ्ठी दिली. घरच्यांची तक्रार अशक्तपणाची नव्हतीच. “अभ्यासात लक्ष नाही, सारखी झोपलेली, मोबाईल बघून बघून अशी झाली” असं आई सांगत होती. मुलगी खाली मान घालून बसलेली.

तिला एकटीला विचारलं, “काही वेगळं खावंसं वाटतं का गं? माती, खडू, पाटीवरची पेन्सिल?” आधी नाही म्हणाली. मग दप्तराच्या पुढच्या कप्प्याची चेन उघडून दाखवली. कप्प्यात मूठभर कच्चे तांदूळ, कागदात बांधलेले. मधल्या सुट्टीत एकेक दाणा चघळायचा. मैत्रिणी हसतात म्हणून लपवून. आईला हे अजिबात माहीत नव्हतं, आणि कळल्यावर ती पहिल्यांदा रागावली. मुलीला रागवण्यासारखं यात काही नाही. कच्चे तांदूळ, माती, खडू, बर्फ असलं खायची ओढ शरीरात लोह संपत आलं की लागते आणि लोह भरून आलं की बहुतेक वेळा आपोआप जाते. मोठ्या बायकाही हे लपवतात, म्हणून मी सरळ तोंडानं विचारतो.

लाल पेशींचा आकार, ज्याला रिपोर्टात एमसीव्ही लिहितात, साधारण ८० ते १०० हवा. तिचा ६८. लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन ६, म्हणजे साठा जवळजवळ रिकामा. चित्र स्वच्छ होतं. या वयात उंची वाढते, पाळी सुरू होते आणि लोहाची गरज एकदम चढते. १३ ते १५ वर्षांच्या मुलीला दिवसाला ३० मिलिग्रॅम लोह लागतं असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये सांगितलं आहे. मोठ्या पुरुषाला लागतं १९. म्हणजे शेतात राबणाऱ्या बापापेक्षा शाळेत जाणाऱ्या लेकीला लोह जास्त हवं, आणि ही मुलगी सकाळी सातच्या एसटीसाठी निघताना खात होती काय, तर चहा आणि खारी. डब्यातली चपाती-भाजी निम्मी परत यायची.

शाळेत आठवड्याला एक निळी गोळी मिळते. ६० मिलिग्रॅम लोह आणि सोबत फॉलिक ॲसिड. ती गोळी ही मुलगी घ्यायची आणि तोंडातून काढून टाकायची, कारण पहिल्यांदा घेतली तेव्हा उपाशी पोटी घेतली, मळमळलं, आणि मैत्रिणींमध्ये “ही गोळी घेतली की पुढं मूल होत नाही” अशी बोलवा होती. तिला समोर बसवून सांगितलं की त्या गोळीचा मूल न होण्याशी काडीचा संबंध नाही, उलट पुढे बाळंतपणाच्या वेळी रक्त चांगलं असावं म्हणूनच ती देतात. साप्ताहिक गोळी रक्त कमी होऊ नये यासाठी असते, आता मात्र रोजचं औषध लागणार होतं. सरकारच्या रक्तक्षयाविरुद्धच्या कार्यक्रमाच्या नियमानं तिच्या आकड्याला रोज दोन गोळ्या. पण जिनं एक गोळी थुंकली तिच्या हातात पहिल्याच दिवशी दोन ठेवण्यात शहाणपण नव्हतं. पंधरा दिवस रोज एक, रात्रीच्या जेवणानंतर दोन तासांनी, लिंबाच्या पाण्यासोबत, मग दोन. शौचाला काळं होईल, घाबरू नको, हे आधीच सांगितलं. जंताची गोळीही दिली.

आई: “नेहमीचंच आहे”

मुलीला घेऊन आलेली आई दवाखान्याच्या पाच पायऱ्या चढून भिंतीला हात टेकून उभी राहिली होती. वय ३८. लेकीचं नाव काढलं की भरभर बोलणारी, स्वतःचं विचारलं की “मला काय होतंय!” तिचं हिमोग्लोबिन लेकीपेक्षाही कमी निघालं तेव्हा घरातल्या सगळ्यांचीच तपासणी करायची असं ठरलं.

पाळीबद्दल विचारलं तर उत्तर आलं, “नेहमीचंच आहे.” हे उत्तर मी कधीच पुरेसं मानत नाही. ज्या बाईच्या अंगावरून वर्षानुवर्षं जास्त जातं तिला तेच नेहमीचं वाटतं, आणि तिच्या आईचं, बहिणीचं तसंच असेल तर बोलायलाच नको. पॅड किती लागतात हे विचारूनही कळेना, कारण ती घडीचं कापड वापरत होती. मग वेगळं विचारलं. रात्री बदलायला उठावं लागतं का? दोन वेळा. गाठी पडतात का? “लिंबाएवढ्या.” त्या दिवसांत खुरपायला जाता का? “दुसऱ्या नि तिसऱ्या दिवशी नाही जात, लुगड्याला डाग पडतो.” पाळी आठ दिवस. हे नेहमीचं नव्हे, हा रक्तस्राव आहे. सोनोग्राफीत गर्भाशयात साडेचार सेंटिमीटरची गाठ निघाली, फायब्रॉइड. थायरॉइड ठीक होतं.

फेरिटिन फक्त ४. आधी दोनदा कुणीतरी दिलेल्या लोहाच्या गोळ्या तिनं पित्त होतं म्हणून पंधरा दिवसांत सोडल्या होत्या. वरून ओतायचं आणि खालून गळायचं, असं चाललेलं असताना नुसत्या गोळ्यांवर वेळ घालवण्यात अर्थ नव्हता. तालुक्याच्या ठिकाणी दवाखान्यात देखरेखीखाली शिरेतून लोह दिलं. वजन ४६ किलो, म्हणून एकदम सगळा डोस न देता ५०० मिलिग्रॅम दोनदा, आठवड्याच्या अंतरानं. आणि पाळीच्या दिवसांसाठी रक्तस्राव कमी करणारी ट्रानेक्सॅमिक ॲसिडची गोळी, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झाल्याचा काही इतिहास नाही ना हे विचारून.

आता खाण्याबद्दल, कारण या घरात खाण्याचा खरा प्रश्न तिच्या ताटात होता. सोमवार, गुरुवार आणि दोन्ही एकादश्या असे तिचे उपवास. उपवासाला साबुदाण्याची खिचडी आणि दिवसभर चहा. साबुदाण्यात पिठूळ पदार्थाशिवाय फारसं काही नसतं आणि चहातलं कषाय द्रव्य अन्नातलं लोह धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. उपवास सोडा असं मी सांगितलं नाही. तिची श्रद्धा आहे आणि ती तिची ताकद आहे. राजगिरा घ्या म्हटलं. राजगिऱ्यात साबुदाण्याच्या कितीतरी पट लोह आहे आणि तो उपवासाला चालतो. लाडू, थालीपीठ, दुधातल्या लाह्या, काहीही करा. सोबत आवळा किंवा पेरू.

दुसरी गोष्ट जास्त अवघड. ती सगळ्यांत शेवटी जेवते. आधी सासरे आणि पुरुष माणसं, मग पोरं, मग सासूबाई, मग धाकटी जाऊ आणि ती. तोपर्यंत पातेल्यात मटकी उरलेली नसते, रस्सा असतो. भाकरी, ठेचा, कांदा यावर तिचं जेवण होतं. महिन्याला सर्वांत जास्त रक्त जिचं जातं तिच्या ताटात उसळ येत नाही. माणचा दुष्काळ सगळ्यांना सारखा असतो, पण घरातली टंचाई शेवटी जेवणाऱ्या बाईच्याच वाट्याला येते, आणि हे बोलल्याशिवाय बाकीचा सल्ला पोकळ आहे. मी हे तिला सांगितलंच नाही. तिच्या नवऱ्याला आणि सासूला समोर बसवून सांगितलं, तिचा रिपोर्ट हातात देऊन. उपाय आजींनीच काढला: उसळ झाली की दोन्ही सुनांच्या वाट्या आधी भरून झाकून ठेवायच्या, मग पंगत.

आजोबांचं “वय झालं”

आजोबा ७२ वर्षांचे. दरवर्षी आळंदीहून पंढरपूरपर्यंत माउलींच्या पालखीसोबत चालणारे. यंदा लोणंदपासून धाप लागायला लागली, कसेबसे फलटणपर्यंत चालले आणि पुढे दिंडीच्या ट्रकमध्ये बसून गेले. घरात सगळ्यांनी, आणि त्यांनी स्वतःही, एकच निदान केलं होतं. “आवो डॉक्टर, वय झालं आता.”

वय झाल्यानं हिमोग्लोबिन ९.८ होत नाही. थोडं खाली येऊ शकतं, पण तीन-सव्वातीनानं पडलं तर त्याला कारण असतं. त्यांच्या लाल पेशींचा आकार ७१ आणि फेरिटिन ९. म्हणजे लोह संपलेलं. पाळी नाही, वाढ नाही, मग म्हाताऱ्या पुरुषाचं लोह गेलं कुठं? उत्तर दुसरं सापडेपर्यंत एकच धरायचं: पोटातून कुठूनतरी रक्त जातंय. जठरातला व्रण असेल, आतड्यातली गाठ असेल, कॅन्सरही असू शकतो. पन्नाशीनंतरच्या पुरुषाला आणि पाळी गेलेल्या बाईला लोह कमी निघालं आणि कुणी नुसतं टॉनिक लिहून दिलं, तर तिथं थांबू नका. कारण विचारा.

औषध सुरू करण्याआधी त्यांना शौचाचा रंग विचारला. “कधी कधी काळं होतं, डांबरासारखं. हुलगं खाल्लं की होतं.” डांबरासारखं काळं, चिकट, वास मारणारं शौच म्हणजे वरच्या आतड्यातून किंवा जठरातून आलेलं रक्त, पचून काळं झालेलं. हुलग्याचा त्यात दोष नाही. लोहाचं औषध घेतलं तरी शौच काळं होतं. त्यामुळे आधी टॉनिक सुरू केलं असतं तर ही खूण त्याच रंगात मिसळून गेली असती, आणि आम्ही सगळे “टॉनिकमुळं आहे” म्हणून निश्चिंत बसलो असतो.

मग औषधांची पिशवी मागवली. हे मी प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत करतो, कारण तोंडी विचारलं तर ते “बीपीची एक गोळी” एवढंच सांगतात. प्लास्टिकच्या पिशवीत बीपीची गोळी होती. काही वर्षांपूर्वी एका तपासणीनंतर सुरू झालेली ऍस्पिरिन ७५ होती. आणि एक पट्टी होती, तिच्यावरचं नाव घासून गेलेलं, दहापैकी तीन गोळ्या उरलेल्या. “ही गुडघ्याची. मेडिकलवाला देतो. वारीच्या आधी रोज दोन घेतो, एरवी एक.” डायक्लोफेनॅक होती. चार वर्षं चालू.

अशी वेदनाशामकं जठराचं अस्तर जपणारी द्रव्यं कमी करतात. सोबत ऍस्पिरिन असली की व्रणाचा आणि रक्तस्रावाचा धोका आणखी वाढतो, आणि वय सत्तरीपुढचं असलं की त्याहून वाढतो. पोटात दुखेलच असं नाही. वेदनाशामक चालू असल्यानं व्रणाचं दुखणंही दबून राहू शकतं. मूत्रपिंडावर परिणाम होतो तो वेगळा.

साताऱ्याला दुर्बिणीनं तपासणी झाली. जठराच्या खालच्या भागात व्रण निघाला. तुकडा तपासला, कॅन्सर नव्हता, पण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा व्रणाला कारण ठरणारा जंतू सापडला. मोठ्या आतड्याची तपासणीही करून घेतली, ती स्वच्छ निघाली. जठरात व्रण सापडल्यावर आतड्याची तपासणी कशाला, असं त्यांच्या मुलानं विचारलं. या वयात एक कारण सापडलं म्हणून दुसरं नसेलच असं धरता येत नाही.

डायक्लोफेनॅक बंद. जंतूसाठी चौदा दिवस औषधांचा पूर्ण कोर्स, व्रण भरण्यासाठी आम्ल कमी करणारी गोळी. ऍस्पिरिनबद्दल हृदयरोगतज्ज्ञांना विचारलं. हृदयविकाराचा झटका कधी आलेला नाही, स्टेंट नाही, पक्षाघात नाही. अशा माणसाला या वयात ऍस्पिरिनपासून फायद्यापेक्षा रक्तस्रावाचा धोका जास्त, म्हणून तीही बंद केली. वाचणाऱ्यानं हे वाचून घरातल्या कुणाची ऍस्पिरिन परस्पर बंद करू नये. स्टेंट बसलेल्या माणसानं ती अचानक सोडली तर जिवावर बेतू शकतं. लोहाच्या गोळ्या आजोबांना मग सुरू केल्या, सगळं पाहून झाल्यावर.

आजींच्या पायातली चप्पल

आजींचा रिपोर्ट बाकी चौघांच्या उलटा होता. लाल पेशी लहान नव्हत्या, मोठ्या होत्या. एमसीव्ही ११२. लोहाचा साठा पुरेसा. बी-१२ जीवनसत्त्व ११८, म्हणजे खूपच कमी.

आजी ६७ वर्षांच्या, दहा-बारा वर्षांपासून मधुमेह, मेटफॉर्मिन चालू. मेटफॉर्मिन चांगलं औषध आहे, पण वर्षानुवर्षं घेतलं तर बी-१२ शोषलं जाणं कमी होतं. त्यात जन्मापासून शाकाहार. बी-१२ धान्यात, डाळीत, भाजीत नसतं. शाकाहाऱ्याला ते दूध, दही, ताक, पनीर यातूनच मिळतं. आणि या घरात दोन म्हशी असून आजींच्या वाट्याला दूध येत नव्हतं. सकाळ-संध्याकाळ दूध डेअरीला जायचं, मागं ठेवलेलं सगळं नातवाच्या बाटलीत. आजी कोरा चहा प्यायच्या, मधुमेह म्हणून बिनसाखरेचा.

“आजी, चालताना पायाला काय वाटतं?” “मुंग्या येत्यात. गादीवर चालल्यागत वाटतं.” मग त्यांच्या सुनेनं एक गोष्ट सांगितली. महिनाभरापूर्वी आजी देवळातून घरी आल्या तेव्हा एका पायात चप्पल नव्हती. वाटेत पायातून निसटली आणि त्यांना कळलंच नाही. घरात यावर हसणं झालं, आजींचं वय आणि विसरभोळेपणा म्हणून. तो विसरभोळेपणा नव्हता, पायाच्या नसांची जाणीव गेली होती. तपासलं तेव्हा अंगठ्यापाशी धरलेल्या ट्यूनिंग फोर्कची थरथर त्यांना लागत नव्हती. जीभ गुळगुळीत, लालभडक. नसांना इजा मधुमेहानंही होते, आणि तसं समजून ती सोडून दिली जाते. पण बी-१२ ची कमतरता भरून काढता येते, म्हणून ती शोधणं भाग आहे. उशीर झाला तर नसांचं नुकसान पूर्ण भरून येत नाही.

इथं त्या एकत्र बाटलीचा धोका सर्वांत मोठा होता. बाजारातल्या रक्तवाढीच्या बहुतेक टॉनिकांत लोहासोबत फॉलिक ॲसिड असतं. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड भरपूर दिलं तर हिमोग्लोबिन सुधारू शकतं, रिपोर्ट चांगला दिसतो, आणि आतून नसांची झीज चालूच राहते. आजींनी आधी असलं टॉनिक घेतलेलंच होतं, दोन बाटल्या. त्यांना बी-१२ ची इंजेक्शनं सुरू केली, आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला. मेटफॉर्मिन चालूच ठेवलं, कारण साखर त्याच्यावर चांगली राहत होती.

दुधाची बाटली

नातवाची गोष्ट याच दुधाशी जोडलेली. बावीस महिन्यांचं गुटगुटीत बाळ, दिवसाला जवळपास लिटरभर म्हशीचं दूध, बाटलीनं. जेवण नको, भाकरी थुंकतो, पण दूध पितो म्हणून घरात समाधान. आणि भिंतीचे पोपडे खातो. “कॅल्शियम कमी असंल,” असं आजींचं म्हणणं. कॅल्शियम त्याला भरपूर मिळत होतं. दुधात लोह जवळजवळ नसतं, दुधातलं कॅल्शियम दुसऱ्या अन्नातलं लोहही शोषू देत नाही, आणि लिटरभर दुधानं भरलेल्या पोटात वरण-भात मावत नाही. गुटगुटीत मूल अशक्त असू शकतं, हे आयांना पटवणं मला नेहमी जड जातं. वजनाचा काटा बघून सगळे खूश असतात.

बाटली बंद, दूध दिवसाला चारशे-पाचशे मिलिलिटरच्या आत, तेही वाटीतून आणि जेवणानंतर. वजनाप्रमाणे लोहाचे थेंब. पहिला आठवडा घरात रडारड झाली, धाकट्या सुनेची झोप उडाली. दुसऱ्या आठवड्यात पोरगं लिंबू पिळलेली मटकीची मऊ उसळ खायला लागलं. वाचलेल्या दुधाचं विरजण लागलं आणि त्यातली वाटीभर दह्याची आणि ताकाची सोय आजींची झाली. इंजेक्शनांची गरज त्यानं संपत नाही, पण हे पुढं टिकणारं आहे.

दोन महिन्यांनी त्याचं हिमोग्लोबिन १०.५ झालं आणि तिथंच अडकलं. फेरिटिन आता छान, पोपडे खाणं बंद, भूक चांगली, तरी लाल पेशींचा आकार ६४ वरून ६६ एवढाच. अशा वेळी लोहाचा डोस वाढवण्याची चूक फार ठिकाणी होते. मी त्याच्या आईवडिलांचं रक्त तपासलं. आई ठीक. वडील, म्हणजे धाकटा मुलगा, वय २९, ट्रॅक्टर चालवणारा, धडधाकट, कसलीच तक्रार नाही. हिमोग्लोबिन १२.७, पेशींचा आकार ६३, आणि लाल पेशींची संख्या मात्र नेहमीपेक्षा जास्त. लोह कमी असेल तर संख्याही साधारण कमी असते. पेशी भरपूर पण बारीक, हे थॅलेसेमिया या रक्तातल्या आनुवंशिक दोषाचं चिन्ह. एचबी ए-२, म्हणजे हिमोग्लोबिनचा एक प्रकार किती टक्के आहे हे सांगणारी तपासणी, त्यात ५.१ आलं. साडेतीनच्या वर गेलं की तो थॅलेसेमिया मायनर, म्हणजे वाहक. पुढे मुलाचंही तेच निघालं.

वाहक माणसाला औषध लागत नाही. तो आजारी नसतो. लोह कमी नसताना त्याला लोह देत राहणं मात्र चुकीचं, ते शरीरात साठतं. आपल्याकडे हा दोष सिंधी, लोहाणा अशा समाजांत जास्त असतो असं ऐकून बाकीचे निर्धास्त असतात, पण तो इतरत्रही सापडतो. महत्त्व येतं ते लग्नाच्या आणि बाळंतपणाच्या वेळी. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात थॅलेसेमिया मेजरचं मूल होण्याची शक्यता चारांत एक, आणि त्या मुलाला आयुष्यभर रक्त चढवावं लागतं. धाकटी सून दुसऱ्या बाळाचा विचार करत होती. म्हणून तिचीही एचबी ए-२ केली. शरीरात लोह कमी असेल तर हा आकडा खोटा कमी दिसू शकतो, म्हणून तिचं फेरिटिन आधी पाहून घेतलं. दोन्ही ठीक निघालं.

स्वयंपाकघरात काय बदललं

फार काही नाही. जेवणानंतर लगेचचा चहा तासभर पुढं गेला. उसळीवर लिंबू आलं. मटकीला मोड येऊ देऊन मगच शिजवायची, कारण मोड आल्यावर लोह जास्त अंगी लागतं. नॉनस्टिक तवा बाजूला पडून लोखंडी तवा आणि कढई वापरात आली. टोमॅटो, चिंच, कोकम असं आंबट घालून लोखंडी कढईत केलेल्या भाजीत लोह उतरतं, मात्र भाजी कढईत ठेवून देऊ नये, शिजली की काढून घ्यावी.

बीट आणि डाळिंबाबद्दल सगळ्यांनीच विचारलं. दोन्ही खावं, चांगलं आहे, पण लाल रंगाचा रक्ताशी संबंध नाही. डाळिंबात लोह अगदी किरकोळ असतं. दीडशे-दोनशे रुपये किलोचं डाळिंब सुनेसाठी आणण्यापेक्षा तेवढ्या पैशात हळीव, तीळ, राजगिरा आणि मटकी आणावी. चहात गूळ घातल्यानंही रक्त भरून येत नाही, आणि आजींसारख्या मधुमेही माणसाला गूळ म्हणजे साखरच.

सहा महिन्यांनंतर

नात १२.६. दप्तरातले तांदूळ तिसऱ्या आठवड्यातच सुटले होते. औषध तिनं आकडा सुधारल्यावरही तीन महिने घेतलं, साठा भरायला तेवढं लागतं, आणि आता ती परत शाळेतल्या साप्ताहिक निळ्या गोळीवर आहे. वर्गातल्या दोघीतिघींनाही तिनं ती जेवणानंतर घ्यायला लावली, असं तिच्या आईनं कौतुकानं सांगितलं.

आई १२.१. पाळी आता पाच दिवसांवर आली आहे, गाठ तेवढीच आहे. गर्भाशय काढून टाकण्याचा सल्ला तिला एका ठिकाणी मिळाला होता. ३८ व्या वर्षी एवढ्या गाठीसाठी तो आधी घ्यायचा निर्णय नाही, संप्रेरकाची गर्भाशयात बसवायची कॉपर-टीसारखी वस्तू हा मधला मार्ग आहे. तिनं अजून ठरवलेलं नाही. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची आहे.

आजी १२.२. मुंग्या निम्म्यानं कमी, जीभ बरी. पायाची जाणीव पूर्ण आलेली नाही आणि पूर्ण येईल असं मी त्यांना सांगितलेलं नाही. पट्ट्याची चप्पल घ्यायला लावली आणि रोज रात्री नातीनं त्यांचे तळवे पाहायचे असं ठरलं, कारण मधुमेहात न कळलेली जखम चिघळते. बी-१२ त्यांना कायम घ्यावं लागेल.

आजोबा १३.१. दोन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घातली, व्रण भरला होता, जंतू गेला होता. गुडघा मात्र अजून दुखतो, आणि ते स्वाभाविक आहे, कारण झीज तिथंच आहे. दुखलं की मेडिकलमध्ये जाऊन ती जुनी पट्टी मागायचा मोह त्यांना होतो, हे त्यांनी मोकळेपणानं सांगितलं. म्हणून दुकानदारालाही मुलानं जाऊन सांगितलं आहे. सध्या गरजेपुरती पॅरासिटामॉल, उजव्या हातात काठी, आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम: खुर्चीत बसून पाय सरळ उचलायचा, दहा अंक मोजायचे, खाली ठेवायचा, दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. पहिल्या महिन्यात त्यांना हे पोरखेळ वाटलं. आता हरिपाठाला बसण्याआधी करतात. पुढच्या वारीला पूर्ण चालायचं का, यावर आमचं अजून एकमत नाही. मी लोणंद ते तरडगाव एवढंच म्हणतो आहे, ते फलटणवर अडून बसले आहेत.